भुरीची खबर फोडली कोणी?

निफाडकडचे एक द्राक्षबागायतदार आहेत. त्यांना सगळे तात्याच म्हणतात. त्यांची लेक इथे इंदिरानगरला दिली आहे. लेकीकडे आले की तात्या आमच्या घरी डोकावतातच. मागल्या हंगामात आले ते जरा घुश्शातच. म्हणाले, "साहेब, खरं सांगा. बागेत भुरी आली हे मी घरात बोललो आन् तुमच्याशी बोललो. मग कंपनीवाल्यांना कोणी सांगितलं?"

त्यांनी मोबाईल पुढे केला. लासलगावचे कांद्याचे भाव उघडले, तरी कडेला भुरीच्या औषधाची जाहिरात. बातमी उघडली तरी तीच. सुनेने लोणच्याची कृती उघडली तरी तीच! विस्ताराच्या कामात उभी हयात घातलेल्या माणसाला असा संशय सोसवत नाही. कारण आमचा सारा धंदाच विश्वासावर चालतो. उद्या तात्यांनी रोग लपवला तर मी सल्ला कशाचा देणार?

मी विचारले, "तात्या, भुरीबद्दल मोबाईलवर कोणी शोधलं होतं का?" शोधले होते, नातवाने, दोन-तीन ठिकाणी.

मंडळी, आता यातली मेख पाहा. मोबाईलवर ज्याच्यातून आपण इंटरनेटची पाने पाहतो तो ब्राउझर. आपल्याकडे बहुधा क्रोम असतो. एखादे पान उघडले की ती साइट ब्राउझरमध्ये एक छोटी चिठ्ठी ठेवून देते. तिचे नाव कुकी. १९९४ साली नेटस्केप कंपनीतल्या लू मॉन्टुली यांनी ही युक्ती काढली, ती साइटला गिऱ्हाईक ओळखता यावे म्हणून. ही चिठ्ठी नसती तर ऑनलाइन अर्ज भरताना पानापानाला नाव आणि पासवर्ड पुन्हा द्यावा लागला असता. तेव्हा साइटची स्वतःची कुकी आपल्या कामाचीच.

खोडी करते ती तिसऱ्याची, म्हणजे थर्ड-पार्टी कुकी. समजा पेठेत वीस दुकाने आहेत आणि प्रत्येकाच्या ओट्यावर एकाच जाहिरातवाल्याची माणसे भाड्याने बसली आहेत. तुम्ही पहिल्या दुकानात भुरीचे औषध विचारले. ओट्यावरच्याने हळूच तुमच्या टोपीला खूण केली. पुढे तुम्ही मिठाईच्या दुकानात जा की कापडाच्या, खूण पाहून तिथलाही ओरडणार, "भुरीचं औषध घ्या!" त्याला तुमचे नाव ठाऊक असतेच असे नाही, त्याचे काम खुणेवर भागते.

"मग फोन कसे येतात?" तात्यांनी बरोबर पकडले. फोन नंबर कुकीला आपसूक कळत नाही. तो नातवाने कुठल्याशा 'मोफत सल्ला' फॉर्मात आपल्या हाताने भरला होता! त्याला कुकीचा इलाज लागू नाही. ते नंबर ब्लॉकच करावे लागतात.

कोणी म्हणेल, जाहिरात दिसली तर बिघडले काय? पण रोज डोळ्यांपुढे नाचणारे औषध माणूस एक दिवस आणतोच, आणि फवारतोही. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अंशांपायी आपली द्राक्षे युरोपात अडकली, तेव्हा बागायतदारांचे काय हाल झाले ते आपल्या भागाला सांगायला नको.

आता इलाज. सफारी आणि फायरफॉक्स या ब्राउझरांनी तिसऱ्याच्या कुकीला आपणहून लगाम घातला आहे. क्रोमवाल्यांनी जानेवारी २०२० मध्ये या कुकीज काढून टाकू असे जाहीर केले, आणि जुलै २०२४ मध्ये तो बेत सोडून दिला. म्हणून क्रोम असेल तर हे काम आपल्यालाच करावे लागते. वरच्या कोपऱ्यातले तीन ठिपके दाबा, सेटिंग्जमध्ये जा, तिथे साइट सेटिंग्जमध्ये 'थर्ड-पार्टी कुकीज' सापडेल. काही मोबाईलवर ते प्रायव्हसीच्या सदरात असते. तिथे 'ब्लॉक' निवडा. एवढ्याने नव्या खुणा थांबतात. जुन्या पुसायला 'ब्राउझिंग डेटा हटवा' मध्ये कुकीजपुढे खूण करून पुसा. पासवर्डपुढे मात्र चुकूनही खूण करू नका. पुसल्यावर साइट पुन्हा लॉगिन मागतील, घाबरू नये. जाहिराती मुळातून जात नाहीत, पाठलाग तेवढा कमी होतो.

कधी एखादे पैसे भरायचे किंवा अर्जाचे पान यानंतर अडते. तेव्हा सगळे कुलूप उघडू नका. पत्त्याच्या डाव्या बाजूचे चिन्ह दाबून त्या एका साइटपुरती परवानगी द्या, आणि काम उरकले की ती काढून घ्या.