सहा फूट तीन इंच आणि मारुती आठशे

यवतमाळ जिल्ह्यातल्या मुकुटबनला माझं कृषी केंद्र आहे. दुकानात बसून बियाणं आणि खत विकणं हा या धंद्याचा अर्धाच भाग, उरलेला अर्धा रस्त्यावर असतो. पाटण, झरी, माथार्जुन, शिबला, अडकोली, मध्ये लागणारे कोलामांचे पोड, म्हणजे वस्त्या. मालासाठी वणी, कामानिमित्त यवतमाळ, कधी पैनगंगा ओलांडून आदिलाबाद. ही सगळी वाट मी मारुती आठशेने करतो. माझी उंची सहा फूट तीन इंच, म्हणजे १९० सेंटिमीटर आहे. एवढा देह त्या गाडीत नीट कसा बसवला, ते इथे सविस्तर सांगतो, कारण उंच माणसाला लहान गाडीत बसता येत नाही असं आमच्याकडे सरसकट धरून चालतात.

मोठी गाडी घ्या, असा सल्ला सगळ्यांनीच दिला. पण माझ्या कामाला हीच गाडी योग्य होती. पावसाळ्यात आमच्या काळ्या जमिनीतली पांदण चिखलाने भरते. हलकी गाडी अडकली तर शेतावरचे चार गडी ढकलून काढतात. तिचं काम गावातला कुठलाही मेकॅनिक करतो, सामान वणीत मिळतं आणि पेट्रोल बेताने लागतं. गाडी हीच ठेवायची, तर बसणं सुधारायला हवं होतं.

त्रास कुठे होतो, ते आधी नेमकं पाहिलं. सीट पार मागे सरकवूनही क्लच दाबताना डावा गुडघा स्टेअरिंगच्या खांबाला लागायचा. उजवा पाय एक्सिलेटरवरून ब्रेकवर नेताना गुडघा स्टेअरिंगच्या खालच्या कडेला अडायचा. मांड्या सीटवर टेकतच नव्हत्या, त्यामुळे सगळा भार बैठकीच्या हाडांवर यायचा आणि वणीला पोचेपर्यंत कंबर आखडायची. कंबरेचं दुखणं मी सोसलं असतं. ब्रेककडे जाणारा पाय अडणं मात्र सोसण्यासारखं नव्हतं. आमच्या रस्त्यावर कोळशाचे ट्रक असतात, २०२२ मध्ये मुकुटबनचा सिमेंट कारखाना सुरू झाल्यापासून तिथलीही जड वाहनं असतात, हंगामात कापसाच्या गाड्या आणि संध्याकाळी घरी परतणारी गुरं. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. पाय अर्धा सेकंद अडला तर आठ मीटर गेले. आठ मीटरमध्ये एक बैलगाडी बैलांसकट मावते.

गाडीचा घाट असा का, हे समजून घेतल्याचा मला फार उपयोग झाला. मारुती आठशे १९८३ च्या डिसेंबरात आली, ती जपानच्या सुझुकीच्या छोट्या गाडीवरून. जपानमध्ये अशा छोट्या गाड्यांचा वेगळा वर्ग आहे. त्या काळच्या नियमाप्रमाणे त्या वर्गातल्या गाडीची लांबी ३.२ मीटर आणि रुंदी १.४ मीटरच्या आत असावी लागे. आपल्याकडची आठशे लांबीला ३३३५ मिलिमीटर, रुंदीला १४४० आणि उंचीला १४०५. एवढ्या मापात चार माणसं, इंजिन आणि डिकी बसवायची, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याची जागा मोजूनच येणार. शिवाय कुठल्याही गाडीचं माप समाजातल्या बहुसंख्यांसाठी धरतात. साधारणपणे शंभरातल्या पंच्याण्णव पुरुषांना जे पुरेल ते घेतात आणि टोकावरची माणसं बाहेर राहतात. भारतीय शरीराची मापं व्यवस्थित गोळा करून देबकुमार चक्रबर्ती यांनी पुस्तक लिहिलं, ते अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने १९९७ मध्ये काढलं. म्हणजे आठशे रस्त्यावर आल्यानंतर चौदा वर्षांनी. माझ्यासारखा माणूस त्या पंच्याण्णवांत येत नाही. म्हणून गाडीला नावं न ठेवता मापाचा हिशेब मांडायचा असं मी ठरवलं.

पहिलं माप घरीच घेतलं. भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसलो आणि डोक्यापर्यंत टेप लावला. बसकी उंची भरली ९५ सेंटिमीटर, उंचीच्या बरोबर निम्मी. बहुतेक माणसांत ती निम्म्याहून थोडी जास्त असते. याचा अर्थ माझी उंची पायांत आहे, धडात नाही. उंच माणसांचे हे दोन प्रकार वेगळे ओळखायला हवेत, कारण त्यांचे उपाय वेगळे आहेत. धड लांब असेल तर डोकं टपाला लागतं, नजर काचेच्या वरच्या पट्टीत अडकते. त्याला सीट खाली न्यावी लागते. पाय लांब असतील तर गुडघे स्टेअरिंगला लागतात. त्याला बैठक मागे न्यावी लागते. माझ्या भाच्याची उंची माझ्याहून कमी, पण धड लांब. त्याच गाडीत त्याचे गुडघे मोकळे राहतात आणि डोकं टपाला टेकतं. दोघांना एकच उपाय केला असता तर एकाचं नुकसान झालं असतं.

दुसरी गोष्ट क्रमाची. बहुतेक जण स्टेअरिंग हातात धरून सीट पुढेमागे करतात. मी पायापासून सुरुवात केली. क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे; पाय ताठ झाला तर सीट लांब, गुडघा छातीकडे आला तर जवळ. पाय ठरला की कंबर: पाठ आणि मांडी यांतला कोन काटकोनापेक्षा थोडा मोठा, बैठक सीटच्या पाठीला पूर्ण भिडलेली. मग हात: खांदे सीटला टेकलेले असताना मनगट स्टेअरिंगच्या वरच्या कडेवर सहज ठेवता आलं पाहिजे. शेवटी डोळे आणि डोकं: टप आणि डोकं यांमध्ये चार बोटं जागा, समोरचा रस्ता मान न वाकवता दिसणं आणि डोक्यामागचा आधार निदान कानाच्या वरच्या टोकाइतका उंच. हा क्रम उलटा केला की हातांना सोयीचं झालेलं पायांना नडतं.

गावातल्या मेकॅनिकने सोपा मार्ग सुचवला होता. "मोठे भाऊ, सीटची रेल दोन इंच मांग घेऊन देतो, वेल्डिंग मारून. अर्ध्या दिवसाचं काम हाये." त्याचा हेतू चांगला होता, पण मी नाही म्हणालो. टक्कर होते तेव्हा माणसाचं आणि सीटचं सगळं ओझं त्या बोल्टांवर आणि खालच्या पत्र्यावर येतं. कारखान्याने तो पत्रा त्या जागी ओझं पेलेल असा केलेला असतो. दोन इंच मागे तो तसा असेल याची खात्री नाही, आणि वेल्डिंगच्या आचेने पत्रा कमजोर होतो. सीट दारामागच्या, बेल्टच्या खांबाच्या फार मागे गेली की बेल्टचा पट्टाही खांद्यावर नीट बसत नाही. शिवाय मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाही. म्हणून मी नियम घालून घेतला: पत्रा, रेल, बोल्ट आणि बेल्ट यांना हात लावायचा नाही. जे मिळवायचं ते फोम, कापड आणि सवय यांतून मिळवायचं.

मग सीट घेऊन वणीतल्या कुशनवाल्या काकांकडे गेलो. ट्रक आणि काळी-पिवळीच्या सीटा करण्यात त्यांचं आयुष्य गेलं आहे. त्यांनी सीट खोलायच्या आधी ती गाडीत परत लावायला सांगितली. "भाऊ, आधी गाडीत बसून दाखवा, मंग कापू. टेबलावर कापलेली सीट टेबलालेच बराबर बसते." मी बसलो, त्यांनी दार उघडून माझ्या मांडीखाली हात घातला, पाठीमागे हात घातला आणि खडूने खुणा केल्या.

आतमध्ये जुन्या पद्धतीची काथ्या आणि रबराची गादी होती, वर फोम. दोन्ही इतके दबले होते की बैठक वाकडी झाली होती. काकांनी पाठीचा फोम सगळीकडून कमी केला नाही. बैठक जिथे पाठीला भिडते तिथूनच चार सेंटिमीटर काढला. कंबरेच्या खळग्यात मात्र होता तसा ठेवला. त्यामुळे माझी बैठक चार सेंटिमीटर मागे गेली आणि कंबरेचा आधारही आपोआप मिळाला. खालच्या गादीतून मागच्या बाजूला तीन सेंटिमीटर काढले आणि पुढच्या काठाला कडक फोमची पट्टी जोडून गादी थोडी लांब केली. आता मांडीला गुडघ्याच्या अलीकडेपर्यंत टेक मिळते. भार हाडांवरून मांडीवर वाटला गेला. नवीन फोम त्यांनी जड घनतेचा वापरला. हलका, मऊ फोम बसताक्षणी बरा वाटतो, पण वर्षभरात दबतो आणि सगळं माप बिघडवतो. वरून रेक्झिन न लावता जाड सुती कापडाचं कव्हर शिवलं. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, आणि घामाने पाठ चिकटली की माणूस नकळत पुढे सरकून बसतो. कापसाच्या जिल्ह्यात सुती कव्हरच शोभतं.

बैठक तीन सेंटिमीटर खाली गेल्याचा एक फायदा मला अपेक्षितच नव्हता. या गाडीत डोक्यामागचा आधार सीटच्या पाठीलाच जोडलेला आहे, वर ओढता येत नाही. आधी तो माझ्या कानाच्या वरच्या टोकाखालीच संपायचा. आता तो त्या टोकापर्यंत पोचतो. मागून धक्का बसला तर मानेला वाचवतो तो हाच आधार, म्हणून उंच माणसाने सीट खाली नेण्याचा विचार केवळ टपासाठी करू नये.

बाकीची जागा बारीकसारीक गोष्टींतून निघाली. पायाखालची जाड मॅट काढून पातळ टाकली, टाच दीड सेंटिमीटर खाली गेली. स्टेअरिंगवरचं फुगीर कव्हर काढलं, गुडघ्याला एक सेंटिमीटर मिळाला. गाडी चालवताना जाड तळव्याचे बूट सोडून पातळ तळव्याचे घालतो. मधला आरसा माझ्या नजरेच्या वाटेत येऊन डावीकडचा चौक झाकत होता. तो वरच्या बाजूला वळवला आणि चौकात थोडं पुढे वाकून पाहायची सवय लावून घेतली. माझ्यामागच्या जागेवर मोठं माणूस बसत नाही, तिथे बियाण्याच्या पिशव्या जातात. घरच्यांना हे मान्य आहे. कुटुंबाला बाहेर जायचं असेल तर आम्ही दुसरी सोय करतो.

हे सगळं मिळून फार तर दहा सेंटिमीटर. पण लहान गाडीत तेवढ्याने सगळं बदलतं. ब्रेककडे जाताना आता पाय कुठेच अडत नाही. वणीला उतरल्यावर पाठ सरळ करायला थांबावं लागत नाही. रात्रीच्या वेळी समोरून ट्रक आला की पूर्वी सगळं अंग ताठ व्हायचं, तो ताण गेला. शरीर आपल्या जागी बसलं की लक्ष रस्त्यावर राहतं, आणि गाडी चालवणाऱ्याला याहून मोठी सोय नाही.

हाच प्रश्न जगभरच्या दोन माणसांच्या उघड्या गाड्यांत अधिक कठीण होतो. १९८९ मध्ये जपानच्या माझदाने एमएक्स-५ काढली. तिची उंची सुमारे सव्वा मीटर, म्हणजे आपल्या आठशेहूनही बरीच कमी. सीटच्या मागे लगेच भिंत, त्यामुळे मागे सरकायला जागा नाही. तिथले उंच चालक सीटमधला फोम काढतात, सीट जमिनीच्या जवळ नेतात, लहान स्टेअरिंग लावतात. आपल्या जवळ गोव्यात १९९० च्या दशकाच्या अखेरीस सॅन स्टॉर्म नावाची फायबरच्या अंगाची, रेनॉच्या इंजिनाची अशीच छोटी उघडी गाडी बनू लागली होती. अशा गाडीत टप उघडला की डोक्याचा प्रश्न सुटल्यासारखा वाटतो, पण गुडघ्यांचा तसाच राहतो. आणि पुढच्या काचेची वरची चौकट नेमकी डोळ्यांसमोर आली तर टप उघडा असून उपयोग नाही. तिथेही क्रम तोच: पाय, कंबर, हात, डोळे.

उलट बाजूने उत्तर शोधणाऱ्या गाड्याही झाल्या. २००९ मध्ये आलेली टाटांची नॅनो लांबीला ३०९९ मिलिमीटर, म्हणजे आठशेपेक्षा २३ सेंटिमीटरहून जास्त आखूड. उंचीला मात्र १६५२, म्हणजे जवळजवळ २५ सेंटिमीटर जास्त. इंजिन मागे नेल्यामुळे पुढे पायांना जागा मिळाली आणि माणूस खुर्चीत बसावा तसा सरळ बसला. १९९९ ची वॅगनआरही याच विचाराची. उंच माणसाला लांब गाडी लागते हा समज या दोन्ही गाड्यांनी खोटा ठरवला. त्याला बहुतेक वेळा उंच टप आणि सरळ बैठक पुरते.

आज आमच्या शाळा-कॉलेजांतून बाहेर पडणारी पोरं त्यांच्या बापांपेक्षा उंच दिसतात. त्यातली कित्येक लहान, जुनी गाडी घेऊनच कामाला लागतील, कारण तेवढंच परवडतं. स्टेअरिंग वरखाली आणि पुढेमागे करता येणं, सीटची उंची बदलता येणं या सोयी कंपन्या सहसा महागड्या मॉडेलात देतात. त्या सर्वांत स्वस्त गाडीत असायला हव्यात, कारण शरीराचं माप खिशाप्रमाणे ठरत नाही.

तोवर त्या पोरांना माझं सांगणं एवढंच आहे. गाडी घेताना इंजिन ऐकण्याआधी तिच्यात निदान अर्धा तास बसा. क्लच दाबून गुडघा पाहा, पाय झटकन ब्रेकवर नेऊन पाहा, बेल्ट लावून खांदा पाहा, डोक्यामागचा आधार कुठे येतो ते मित्राला बघायला सांगा. जे अडतं ते फोम आणि कापडाने सुटणारं असेल तर गाडी खुशाल घ्या आणि चांगल्या कुशनवाल्याकडे जा. पत्रा कापल्याशिवाय सुटत नसेल, तर ती गाडी कितीही स्वस्त मिळत असली तरी सोडून द्या.