नायिकेच्या शेजारची बाई



मागच्या हिवाळ्यात आमच्या भोरच्या राजवाड्यात पुन्हा एकदा शूटिंग लागलं होतं. भोरकरांना त्याचं आता नवल राहिलेलं नाही. पंतसचिवांचा हा वाडा, त्याचे लाकडी खांब, मोठा चौक बघून सिनेमावाले आणि मालिकावाले येतच असतात. माझी मुलगी सुट्टीला पुण्याहून आली होती. ती म्हणाली, "मम्मी, चल ना, जरा बघून येऊ." दुपारची सामायिक आटोपली आणि आम्ही दोघी निघालो.

कुठल्याशा मालिकेचा प्रसंग होता. सून हातात बॅग घेऊन सासरच्या पायऱ्या उतरते आणि मागून सासू ओरडते, "गेलीस तर परत येऊ नकोस!" दिग्दर्शकाला काही ते पटेना. सात वेळा ती पोरगी घर सोडून निघाली आणि सातही वेळा तिला परत वर बोलावलं. सातव्यांदा काम झालं, तेव्हा त्या सासूबाईच तिच्यासाठी पाणी घेऊन आल्या. मग दोघी शेजारी खुर्च्या टाकून शेंगदाणे खात बसल्या.

मुलगी हसली. "बघ मम्मी, कॅमेरा बंद झाला की सासू-सून मैत्रिणी."

मीही हसले. पण त्या रात्री मला झोप आली नाही. बत्तीस वर्षांपूर्वी अशीच एक बॅग आमच्या दारात आली होती. ती गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. आज सांगते, पण आधी सिनेमाची गोष्ट सांगावी लागेल.

'माहेरची साडी' १९९१ साली आला. माझं लग्न होऊन तेव्हा वर्ष-दीड वर्ष झालं होतं. तुमच्यापैकी किती जणींनी तो थिएटरात बघितला असेल, हे मला विचारायलाच नको. गावोगावच्या बायका गाड्या भरभरून जात होत्या. आमच्या घरातूनही आम्ही पाच जणी निघालो: सासूबाई, ज्यांना आम्ही सगळे 'बाई' म्हणायचो, मी, माझी जाऊ आणि शेजारच्या दोघी. बाईंचा चौविहार असायचा, म्हणून दुपारी बाराचा खेळ धरला. सकाळच्या एसटीने पुणे, परत येताना स्वारगेटला स्टँडवर बसून दशम्या आणि लोणचं, आणि सूर्य मावळायच्या आत तोंड बंद.

थिएटरात काय रडारड होती! अलका कुबलची लक्ष्मी मार खाते, सोसते, आणि उषा नाडकर्णींच्या सासूला बायका चक्क मोठ्याने शिव्या देत होत्या. बाई सुद्धा पदराने डोळे पुसत होत्या. परतीच्या गाडीत कापूरहोळपर्यंत कुणी फारसं बोललं नाही.

त्या सिनेमाची आम्हाला दुहेरी जवळीक. दिग्दर्शक विजय कोंडके हे दादा कोंडक्यांचे पुतणे, आणि कोंडक्यांचं मूळ गाव इंगवली, म्हणजे आपल्या भोर संस्थानातलंच. शिवाय मूळ कथा राजस्थानी. 'बाई चाली सासरिये' हा १९८८ सालचा मारवाडी सिनेमा, त्यावरून मराठीत 'माहेरची साडी' झाला. म्हणजे आपल्या आज्या ज्या मुलखातून आल्या, तिथलंच हे रडणं फिरून आपल्याकडे आलं.

आज एक गोष्ट लक्षात येते. दादांचा 'सोंगाड्या' १९७१ चा. त्यांचे सिनेमे घरातले पुरुष बघायचे, हसत हसत यायचे, आणि आम्ही बायकांनी त्यांचं नावही काढायचं नाही. पुतण्याच्या सिनेमाला मात्र त्याच पुरुषांनी आपणहून तिकिटाचे पैसे काढून दिले. सोसणारी बाई बघायला आम्हाला कुणाची परवानगी लागली नाही.

पुढच्याच वर्षीची गोष्ट. श्रावण होता. माझ्या नणंदबाई, आमच्या बाईसा, वेल्ह्याला दिलेल्या. घरचं किराणा आणि तांदळाचं दुकान. (तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, पण आमच्या तोंडी वेल्हेच बसलंय.) दुपारी भर पावसात दारात उभ्या राहिल्या. एका हातात बॅग, कडेवर वर्षाची मुलगी. कुणी आणायला गेलं नव्हतं, कुणी सोडायला आलं नव्हतं. मार्गासनी, नसरापूर, कापूरहोळ करत गाड्या बदलून एकट्या आलेल्या.

मारहाण नव्हती. पण मुलगी झाल्यापासून नवरा बोलत नव्हता. सासू कोठीची किल्ली कमरेला लावून फिरायची. बाळंतिणीला तूप मोजून मिळत होतं. आपल्या घरांमध्ये असल्या गोष्टींना त्रास म्हणायची पद्धत नव्हती.

स्वयंपाकघरात मी एकटीच होते. बाईसा हळू आवाजात म्हणाल्या, "भाभी, मला चार-सहा महिने इथे राहू द्या. मी शिवणकाम करीन. तुमच्यावर ओझं नाही होणार."

मैत्रिणींनो, मी त्यांना काय उत्तर दिलं माहितीये? "बाईसा, संसारात हे व्हायचंच. पोरीकडे बघून दिवस काढा."

घरात दोनच खोल्या होत्या. मला पाचवा महिना होता. त्या राहिल्या तर लोक काय म्हणतील, दीर-जाऊ काय म्हणतील, माझ्या बाळंतपणात दोन लेकरं कशी आवरायची, हे सगळं एका क्षणात डोक्यात येऊन गेलं. बाई बाहेर पडवीत माळ घेऊन बसल्या होत्या. त्यांना सगळं ऐकू येत होतं. त्या काही बोलल्या नाहीत. मला वाटतं, त्या माझ्या उत्तराची वाट बघत होत्या, आणि मी उत्तर दिल्यावर त्यांना बोलायला जागाच उरली नाही.

मग मी कपाट उघडलं. माझ्या आईने दिलेली पोपटी साडी, घडी न मोडलेली, ती काढली. खण, नारळ ठेवला, कुंकू लावलं आणि बाईसांची ओटी भरली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या भावाने त्यांना स्टँडवर नेऊन गाडीत बसवलं.

नऊ-दहा महिन्यांपूर्वीच मी थिएटरात लक्ष्मीसाठी हुंदके देऊन रडले होते. लक्ष्मी माझ्या स्वयंपाकघरात आली तेव्हा मी तिला साडी दिली आणि मोकळी झाले.

बाईसांचा संसार मोडला नाही. राखीला, दिवाळीला त्या येत राहिल्या, पण संध्याकाळच्या गाडीने परत. मुक्काम कधीच नाही. ती पोपटी साडी माझ्यासमोर त्यांनी एकदाही नेसली नाही.

बाईंच्या शेवटच्या वर्षांत त्यांना दिसायला कमी आलं होतं, पण जुने सिनेमे ऐकायला आवडायचे. एका दुपारी मी मोबाईलवर 'कुंकू' लावला. प्रभातचा, व्ही. शांतारामांचा, १९३७ सालचा. ना. ह. आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरचा. शांता आपटेंची नीरा फसवून एका म्हाताऱ्या विधुराला दिली जाते. ती त्याला नवरा मानायलाच नकार देते. रडत नाही, पळत नाही, त्याच घरात राहून नाही म्हणते. 'माहेरची साडी'च्या चोपन्न वर्षं आधी!

"नीरा म्हणजे आपल्या नदीचंच नाव की," बाई म्हणाल्या.

सिनेमात त्या म्हाताऱ्याची मुलगी येते. नीराची सावत्र मुलगी, पण वयाने तिच्याहून मोठी, समाजकार्य करणारी. ती बापाची बाजू न घेता नीराची घेते. बाई थोडा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "हिच्यासारखी एक जण घरात असती तर..."

त्यांनी नाव घेतलं नाही. मीही विचारलं नाही. सिनेमा पुढे चालू राहिला.

तेव्हापासून मला सिनेमा बघायची एक खोडच लागली आहे. नायिका काय करते, हे सगळेच बघतात. मी तिच्या शेजारी कोण उभी आहे ते बघते.

'उंबरठा' आठवा, १९८२ चा. स्मिता पाटीलची सुलभा सुधारगृहाच्या नोकरीसाठी घराबाहेर पडते. आपण तिच्या धाडसाबद्दल बोलतो. पण मागे राहिलेली तिची लेक जावेने सांभाळली. जाऊ नसती तर ती उंबरठा ओलांडूच शकली नसती. आणि परत आली तेव्हा लेक जावेचीच होऊन गेली होती. दोघींच्याही वाट्याला काय आलं, याची चर्चा मी कुणाकडून ऐकली नाही.

'सैराट'ची आर्ची बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते, सगळ्या गावाला भिडते. पण हैदराबादला पोचल्यावर ती आणि परशा उघड्यावर येतात, तेव्हा आसरा कोण देतं? छाया कदमची सुमन अक्का. डोशाची गाडी चालवणारी, एकट्याने मुलगा वाढवणारी, नात्याची ना गोत्याची. आणि शेवटी माहेरची माणसं येतात ती आईने पाठवलेल्या भेटी घेऊन. तो शेवट बघताना माझ्या डोळ्यांसमोर माझी ती पोपटी साडी आली. भेट घेऊन येणाऱ्या माहेरापेक्षा डोशाची गाडीवाली बरी निघाली.

हलकेफुलके प्रेमाचे सिनेमेही मला आवडतात. 'कुंकू'मधल्या त्या सावत्र मुलीचं काम शकुंतला परांजपे यांनी केलं होतं. त्यांची लेक म्हणजे सई परांजपे. सईंच्या १९८१ च्या 'चश्मे बद्दूर'मध्ये दीप्ती नवल दारोदार धुण्याची पावडर विकत फिरते आणि त्यातूनच प्रेम जुळतं. आईने बंडखोर नायिकेला साथ दिली, लेकीने कमावत्या मुलीला हसतं-खेळतं प्रेम दिलं. मला हे मायलेकींचं काम फार सुंदर वाटतं.

'मुंबई-पुणे-मुंबई' (२०१०) मध्ये तर मुक्ता बर्वे स्वतः मुलगा बघायला पुण्याला येते. आमच्या वेळी कांदेपोह्यांची बशी हातात धरून मान खाली घालून बसायची पाळी आमची होती! माझ्या मुलीला तो सिनेमा पाठ आहे. पण असे बहुतेक सिनेमे लग्न जमलं की संपतात. नायक-नायिका दोघंच शहरभर फिरतात, त्यात तिसऱ्या बाईचं कामच नसतं. तिसरी बाई लागते ती लग्नानंतर, कोठीची किल्ली दुसऱ्याच्या कमरेला असते तेव्हा.

२०२३ साली 'बाईपण भारी देवा' आला, तेव्हा तर सहा सख्ख्या बहिणीच नायिका. मंगळागौरीच्या स्पर्धेच्या निमित्ताने जुने रुसवे निघतात. बायका पुन्हा घोळक्याने थिएटरात गेल्या, नटूनथटून. मी बाईसांना फोन केला, "येता का, दोघी जाऊ?" त्या म्हणाल्या, "बघू." नेहमीसारखंच "बघू".

शूटिंग बघून आल्यावर हे सगळं पुन्हा वर आलं. दर संवत्सरीला मी बाईसांना 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणत आले आहे. आधी पोस्टकार्डाने, मग फोनवर, आता व्हॉट्सॲपवर फुलांच्या चित्रासकट. जाणता-अजाणता घडलेल्या सगळ्या चुकांची एकत्र क्षमा. पण जी एक चूक मला नक्की माहीत होती, तिचं नाव मी कधी घेतलं नाही.

या वर्षी संवत्सरीनंतर मी वेल्ह्याला गेले. मुलगा गाडी घेऊन चल म्हणत होता, मी एसटीनेच गेले. कापूरहोळ, नसरापूर, मार्गासनी. मला तो रस्ता एकदा तसाच करायचा होता. पाऊस होता, तोरणा धुक्यात दिसतच नव्हता.

बाईसा ताटात आंबेमोहोर निवडत बसल्या होत्या. मी समोर बसले आणि हात जोडून म्हणाले, "बाईसा, तुम्ही त्या श्रावणात बॅग घेऊन आला होतात. मी तुम्हाला थांबा म्हणाले नाही. त्याची क्षमा मागायला आले."

त्यांचा हात थांबला नाही. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "भाभी, चार-सहा महिने नव्हते राहायचे मला. मलाही कळत होतं, जागा नाही. एवढंच वाटलं होतं, की तुम्ही म्हणाल, आठ दिवस थांबा." मग जरा हसल्या. "साडी चांगली होती हो. तिची झोळी केली पोरीला. तीन वर्षं झोपली त्यात."

त्यांनी मला क्षमा केली का? तोंडाने केली. मनात काय आहे, ते विचारायचा हक्क मला नाही. निघताना त्यांनी किलोभर तांदूळ बांधून दिला. मी म्हटलं, "आता या, आणि मुक्कामाला या." यावेळी त्या "बघू" म्हणाल्या नाहीत. "दिवाळीनंतर येते" म्हणाल्या.

येत्या मार्गशीर्षात माझ्या मुलाचं लग्न आहे. सून येणार, म्हणजे राजवाड्यातल्या त्या खुर्चीवर आता मी. बाईंची खोली मी रिकामी ठेवायची असं घरात सांगून टाकलंय. सून असो, लेक असो, नणंद असो, भाची असो, जी कुणी बॅग घेऊन दारात येईल, तिला आधी पाणी द्यायचं, मग म्हणायचं, "थांब." बाकीचं दुसऱ्या दिवशी बघू.

तुम्हीही पुढच्या वेळी सिनेमाला जाल आणि नायिकेसाठी डोळे भरून येतील, तेव्हा घरी परत येताना एकदा आठवून बघा: आपल्या दारात अशी कुणी येऊन गेली का? आली असेल, तर वेल्ह्याची असो की विलायतेची, जाऊन भेटा.