शून्य आणि रिकामा रकाना

वीज जाण्याची मला भीती वाटत नाही. ती परत येताना घुटमळते, त्याची वाटते. चेन्नईच्या नुंगंबाक्कममध्ये विजेच्या तारा बऱ्याच ठिकाणी जमिनीखालून जातात आणि फुटपाथवर त्यांचे लोखंडी पिलर बॉक्स उभे असतात. ऑक्टोबर ते डिसेंबरच्या पावसात त्यांच्या पायाशी पाणी साचलं की वीज जाते, दोन सेकंद येते, पुन्हा जाते. देखभालीसाठी आधी कळवून सकाळी नऊला जाणारी वीज त्या मानाने सज्जन. 12 डिसेंबर 2016 रोजी वरदा वादळ आलं तेव्हा शहराचे कितीतरी भाग काही दिवस अंधारात होते. पण एकदाच गेलेली वीज इजाही एकदाच करते. ये-जा करणारी वीज मात्र यंत्राला उठवते आणि लिहायला बसवून पुन्हा पाडते.

आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणजे एका आवर्तनाला 20 मिलिसेकंद. संगणकाचा बरा पॉवर सप्लाय विजेविना साधारण 16 मिलिसेकंद तग धरतो. इन्व्हर्टर त्याहून उशिरा जागा झाला तर पंख्याला काही कळतही नाही, आणि संगीताचा सर्व्हर मात्र बंद पडलेला असतो.

मी पोटासाठी कंपन्यांचे डेटाबेस सांभाळते आणि हौसेसाठी ओळखीपाळखीच्यांचे संगीत सर्व्हर. कच्चेरीच्या, म्हणजे कर्नाटक संगीताच्या मैफलींच्या, कॅसेटी डिजिटल करून ठेवणारी घरं या शहरात जागोजागी आहेत. आमच्या इमारतीतले मामा त्यांपैकीच एक. (वडीलधाऱ्या माणसाला इथेही मामाच म्हणतात, त्यामुळे मला परकं वाटत नाही.) त्यांच्याकडे एक छोटा रास्पबेरी पाय, त्याला यूएसबी डिस्क आणि त्यावर लिरियन म्युझिक सर्व्हर, 2024 पर्यंत त्याचं नाव लॉजिटेक मीडिया सर्व्हर होतं. अशाच एका पावसाळी संध्याकाळनंतर सर्व्हर उठला, पण यादी कोरी. लॉगमध्ये ते ओळखीचं वाक्य होतं, 'डेटाबेस डिस्क इमेज इज मालफॉर्म्ड'.

मामांचा पहिला प्रश्न होता, "गाणी गेली का?"

गाणी डेटाबेसमध्ये नसतातच. ती आपल्या जागी फ्लॅक फाइलींत असतात, आणि सर्व्हर त्या फक्त वाचतो. वीज गेली त्या क्षणी कुणी त्यांत काही लिहीत नव्हतं. तरी मी तोंडी हवाला देत नाही. फ्लॅकच्या प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला मूळ ध्वनीचा एमडी5 ठसा नोंदलेला असतो. फाइल उलगडून तो ताडून पाहिला की आतला सूर तसाच आहे का, हे कळतं. मामांच्या सगळ्या फाइली त्या कसोटीला उतरल्या.

मग बिघडलं काय? इथे घाई न करता वाटणी करावी लागते. गायक, राग, ताल, रचनाकार ही माहिती फाइलींच्या टॅगमध्येच असते. डेटाबेसमधली तिची प्रत गेली तर पुन्हा स्कॅन करून ती उभी राहते. प्लेलिस्ट साध्या मजकुराच्या फाइली असतात, त्या शाबूत होत्या. उरतात चार गोष्टी: गाणं संग्रहात कधी आलं, किती वेळा वाजलं, शेवटचं कधी वाजलं, आणि मालकाने त्याला किती तारे दिले. यांची पूर्ण नोंद दुसरीकडे कुठेच नसते. सर्व्हर लिहिणाऱ्यांनी हे ओळखून या नोंदी 'पर्सिस्ट' नावाच्या वेगळ्या फाइलीत ठेवल्या आहेत. 'लायब्ररी'ची फाइल खुशाल मोडा, ती पुन्हा बांधता येते. मामांची नेमकी 'पर्सिस्ट'ची फाइल मोडली होती.

अशा वेळी पहिलं काम दुरुस्तीचं नसतं, थांबवण्याचं असतं. सर्व्हर बंद करायचा आणि आपोआप होणारं स्कॅन आवरायचं. झटक्यानंतर यूएसबी डिस्क कधी कधी दुसऱ्याच नावाने जोडली जाते. मग गाणी जुन्या पत्त्यावर नाहीत म्हणून सर्व्हर ती यादीतून काढून टाकतो. वाजण्याची नोंद गाण्याच्या पत्त्याशी बांधलेली असल्याने पत्ता बदलला की नोंद अनाथ होते. त्यानंतर सगळ्या फाइलींची प्रत काढायची, डेटाबेसशेजारच्या जर्नल किंवा डब्ल्यूएएल शेपटीच्या फाइलींसकट. त्या उष्टं-खरकटं असल्यासारख्या दिसतात आणि सफाईच्या भरात सगळ्यात आधी त्याच पुसल्या जातात. वास्तविक अर्धवट राहिलेला व्यवहार पुरा करायचा की मागे घ्यायचा, हे त्यांच्याच आधारे ठरतं.

हा डेटाबेस एसक्यूलाइटचा. रिचर्ड हिप यांनी 2000 साली लिहिलेला हा छोटा प्रोग्रॅम आज जवळपास प्रत्येक मोबाइलमध्ये असतो. वीज गेली तरी न बिघडण्यासाठीच त्याची आखणी आहे, मात्र एका अटीवर. 'लिहून झालं' असं डिस्कने सांगितलं तर ते खरं असलं पाहिजे. स्वस्तातल्या डिस्का अनेकदा मजकूर स्मृतीत ठेवून 'झालं' म्हणून मोकळ्या होतात. नेमक्या तेव्हाच वीज गेली की काही पानं नवी आणि काही जुनी राहतात, आणि दोघांचा मेळ बसत नाही.

एसक्यूलाइटमध्ये 2019 पासून 'रिकव्हर' ही आज्ञा आहे. ती मोडक्या फाइलीतलं प्रत्येक पान, बहुधा 4096 बाइटचं, स्वतंत्रपणे वाचते आणि ओळी नव्या फाइलीत मांडते. कोणत्या तक्त्यातली हे ठरत नाही, अशी ओळ ती फेकून देत नाही, 'लॉस्ट अँड फाउंड' नावाच्या वेगळ्या तक्त्यात ठेवते. ही शिस्त मला पुण्याची वाटते. तिथल्या भांडारकर प्राच्यविद्या संस्थेने 1919 ते 1966 या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार केली, तेव्हा मूळ संहितेत न बसणारे श्लोक जाळले नाहीत. ते तळटीपांत आणि परिशिष्टांत छापले. संपादकाचा निर्णय चुकला असेल तर पुढच्याला तो तपासता यावा म्हणून.

'रिकव्हर'मधून निघालेल्या मामांच्या नव्या फाइलीवर 'इंटिग्रिटी चेक' चालवला. उत्तर आलं, 'ओके'. बरेच जण इथे हात धुतात. पण 'ओके'चा अर्थ एवढाच, की पानं एकमेकांशी नीट जोडलेली आहेत. त्यांवर लिहिलेलं खरं आहे की नाही, हे ती तपासणी सांगत नाही.

उदाहरण घड्याळाचं. मामांच्या जुन्या पायमध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ नाही. वीज आल्यावर राउटर जागा होऊन इंटरनेटवरून वेळ मिळेपर्यंत तो आधीची साठवलेली वेळच आताची धरतो. सर्व्हरच्या लॉगमध्ये वेळेने मागे उडी मारलेली स्पष्ट दिसत होती, आणि त्या अवधीत वाजलेल्या गाण्यांची तारीख सुबक पण खोटी होती. वेळेची साक्ष कुणाची, हा प्रश्न या वस्तीला जुनाच. इथल्या कॉलेज रोडवर आज जिथे हवामान केंद्र आहे, तिथे 1792 मध्ये मद्रास वेधशाळा उभी राहिली. 1906 मध्ये भारतीय प्रमाणवेळ आली. त्याआधी रेल्वे इथल्याच 'मद्रास टाइम'वर धावत.

तेव्हा प्रत्येक नोंदीला दुसरा साक्षीदार शोधायचा. गाणं संग्रहात कधी आलं? फाइलीवरची तारीख सांगते. शेवटचं कधी वाजलं? लॉग शिल्लक असेल तिथवर लॉग सांगतो. दोघं जुळले की नोंद पक्की. एकच साक्षीदार असेल तर ती ठेवायची, पण खूण करून. एकही नसेल तर रकाना रिकामा ठेवायचा.

इथे मामांशी माझा वाद झाला. यादीत रिकामं दिसलेलं त्यांना आवडेना. "शून्य तरी भर," म्हणाले. शून्य म्हणजे हे गाणं कधीच वाजलं नाही. रिकामा म्हणजे किती वेळा वाजलं ते ठाऊक नाही. कॉलेज रोडवरच्या पर्जन्यमापकाचं वाचन एखाद्या दिवशी हुकलं, तर त्या दिवशी पाऊस शून्य होता असं कुणी लिहीत नाही. लिहिलं तर महिन्याची बेरीज कायमची खोटी होईल. मामा म्हणाले, "पण मी ऐकलंय ना ते, मला आठवतं!" त्यांची आठवण हीसुद्धा साक्ष आहे आणि मी ती नाकारत नाही. फक्त ती यंत्राच्या मोजणीच्या रकान्यात मिसळत नाही.

त्यासाठी मी डेटाबेसशेजारी एक साधी मजकूर फाइल ठेवते. कोणत्या नोंदी कशावरून परत आल्या, कोणत्या एकाच साक्षीवर उभ्या आहेत, कोणत्या रिकाम्या सोडल्या आणि मामांना त्यांतलं काय आठवतं, हे सगळं तारखेसह. सर्व्हरला आता छोटा यूपीएस आहे आणि रोज रात्री एसक्यूलाइटच्याच बॅकअप आज्ञेने प्रत निघते, कारण चालू डेटाबेसची नुसती कॉपी केली तर अर्धवट लिहिलेलं पान तिच्यात येऊ शकतं. एवढं करूनही एखाद्या पावसाळ्यात ती फाइल पुन्हा मोडेल. तेव्हा दुरुस्तीला मीच असेन असं नाही. जो कोणी असेल त्याला माझ्या कामातलं काय विश्वासाने घ्यायचं आणि काय पुन्हा तपासायचं, हे मला न विचारता कळायला हवं.