वांकिडीतला ‘पॉप्लर’

आसिफाबादहून चंद्रपूरच्या रस्त्याला लागलं, की महाराष्ट्राची हद्द येण्याआधी वांकिडी लागतं. पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात असलेलं हे गाव २०१६ पासून कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात आहे. इथे एका कुंपणालगत ओळीने उभी असलेली उंच, सडपातळ झाडं पाहून काश्मीर फिरून आलेल्या माझ्या पुतणीने विचारलं, “काका, हे पॉप्लर ना?”

मी तिला आधी फांद्या पाहायला सांगितल्या. काश्मीरमध्ये रस्त्याकडेला दिसणाऱ्या लोंबार्डी पॉप्लरच्या फांद्या खोडाला बिलगून वर जातात. पानं त्रिकोणी असतात आणि हिवाळ्यात सगळी गळून जातात. इथल्या झाडाच्या फांद्या खाली झुकलेल्या. पानं लांबट, कडा नागमोडी आणि झाड बारमाही हिरवं.

“मग हा अशोकच की!” वहिनी म्हणाल्या. सगळे तेच म्हणतात, पण हा खोटा अशोक, म्हणजे आसुपालव. त्याची हिरवट फुलं पानांत लपून जातात. खरा सीता-अशोक डेरेदार असतो आणि त्याला केशरी-लाल फुलांचे गुच्छ येतात.

नावाचा हा घोळ नुसता गमतीचा नाही. आयुर्वेदात स्त्रियांच्या आजारांवर सीता-अशोकाची साल वापरतात आणि बाजारात तिच्यात आसुपालवाच्या सालीची भेसळ होते. खरा अशोक मात्र जंगलात कमी होत चालला आहे.

तेव्हा मुलांनो, गावी जाल तेव्हा फांद्या वर जातात की खाली झुकतात, एवढं बघा. आणि अंगणात जागा असेल, तर एक सीता-अशोक जरूर लावा.