पाळी आणायची गोळी

“मॅडम, गोळी घेतली की चार दिवसांत पाळी येते. नाही घेतली तर येतच नाही.” लेकीला घेऊन आलेली आई असं सांगते आणि पर्समधून रिकामी स्ट्रिप काढून टेबलावर ठेवते. मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन, १० मिलिग्रॅम. मेडिकलमधून परस्पर आणलेली. गोळीनं काम केलं यात शंका नाही. नेमकं कोणतं, ते घरात कुणालाच ठाऊक नसतं.

एरवी इस्ट्रोजेन गर्भाशयाचं अस्तर वाढवतं. स्त्रीबीज सुटलं की बीजकोशात प्रोजेस्टेरॉन तयार होतं आणि ते अस्तराला स्थिरावतं. गर्भ राहिला नाही तर साधारण दोन आठवड्यांत प्रोजेस्टेरॉन उतरतं, अस्तर गळतं, पाळी येते. पीसीओडीमध्ये महिनोन्‌महिने बीज सुटत नाही, म्हणजे प्रोजेस्टेरॉनही नाही. ते आपण पाच ते दहा दिवस बाहेरून देतो. गोळी थांबली की बहुधा आठवड्याभरात अंगावरून जातं. बीजकोश मात्र होता तिथेच राहतो.

म्हणून माझ्या लेखी ही गोळी उपचाराइतकीच तपासणीही आहे. रक्तस्राव झाला, तर शरीरात इस्ट्रोजेन पुरेसं आहे आणि वाट मोकळी आहे. झाला नाही, तर शोध पुढे न्यायचा. अतिव्यायामानं किंवा उपासमारीनं इस्ट्रोजेन घटलं असेल, बीजकोश अकाली थकले असतील किंवा क्युरेटिंगनं, क्षयानं अस्तरच खराब झालं असेल.

या सगळ्याच्या आधी लघवीची प्रेग्नन्सी टेस्ट. लग्न झालेलं असो वा नसो. लागलं तर आईला जरा बाहेर बसवून. मग थायरॉइड, प्रोलॅक्टिन, सोनोग्राफी. एके काळी हा क्रम उलटा होता. दिवस गेलेत का, हे पाहायलाच इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉनचे जबर डोस दिले जात. गर्भात व्यंग येण्याची शंका होती, स्त्री संघटनांनी लढा दिला आणि १९८८ साली आपल्याकडे त्या औषधांवर बंदी आली.

गोळीची खरी गरज असते तीही सांगते. पीसीओडीमध्ये पाळी लांबत गेली की अस्तर जाड होतं आणि वर्षानुवर्षं असंच चाललं तर कॅन्सरचा धोका वाढतो. अशा बाईला निदान तीन महिन्यांतून एकदा तरी रक्तस्राव व्हायला हवा. पायाच्या शिरेत गुठळी, यकृताचा मोठा आजार किंवा स्तनाचा कॅन्सर झालेला असेल, तर हीच गोळी घातक ठरू शकते. उलट नुकतीच पाळी सुरू झालेल्या मुलीची तारीख चाळिसाव्या दिवसावर गेली, तर बहुतेक वेळा काहीच द्यावं लागत नाही.

तेव्हा तीन महिने पाळी आली नाही तर आधी डॉक्टरांना गाठा. मागच्या तारखा, वजनातला चढउतार, घेतलेली औषधं लिहून आणा. आणि गोळी लिहून मिळाली की विचारा: पाळी थांबली कशामुळे?