वतनावर पाणी

सभेंत बोलण्याची हौस तरुणपणीं एकदां जडली कीं केस पिकले तरी ती सुटत नाहीं. आणि मी तर पेशानेंच प्राध्यापक. गेलीं तीस वर्षें पुण्याच्या एका महाविद्यालयांत मी इंग्रजी वाङ्मय शिकवीत आलों आहें, पण माझी जी कांहीं थोडीबहुत कीर्ति आहे ती मिल्टनमुळें किंवा वर्डस्वर्थमुळें झालेली नाहीं. ती शिवजयंतीच्या व्याख्यानांमुळें झाली. आमचें घराणें भोरचें. आजोबा पंतसचिवांच्या दरबारांत कारकून होते. १९४८ च्या मार्चांत संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें त्या दिवशीं ते नेहमींपेक्षां लौकर घरीं आले, पागोटें खुंटीला अडकविलें आणि कोणाशीं न बोलतां झोपाळ्यावर बसून राहिले, असें वडील सांगत. अशा घरांतला मुलगा, त्यांतून चार बुकें शिकलेला; तेव्हां फेब्रुवारी उजाडला कीं भोर-वेल्ह्याच्या खोऱ्यांतल्या शाळांतून मला बोलावणीं येत, आणि मीहि आनंदानें जात असें. राजगड समोर दिसत असतां त्याच्याविषयीं बोलणें म्हणजे वक्त्याचें निम्में काम डोंगरानेंच करून ठेवल्यासारखें असतें. नुसता हात उचलून बालेकिल्ल्याकडे दाखवावा. पुढच्या रांगेंतलीं पोरें शहारतात.

२०२५ च्या पावसाळ्यानंतर असेंच एक बोलावणें आलें. त्या वर्षीं जुलैमध्यें युनेस्कोनें मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादींत घेतले, त्यांत राजगड आहे. आणि त्याच्या आदल्या वर्षीं, मार्च २०२४ मध्यें, वेल्हे तालुक्याला राजगड हें नांव देण्याचा निर्णय राज्याच्या मंत्रिमंडळानें घेतला होता. गडाच्या पायथ्याच्या एका गांवाला या दोन्ही गोष्टींचा आनंद एकाच मांडवांत साजरा करावयाचा होता, आणि त्या मांडवासाठीं त्यांना एक प्राध्यापक हवा होता.

मला नेण्यासाठीं चेलाडीच्या फाट्यावर एक तरुण मोटरसायकल घेऊन उभा होता. तरुण आपलें म्हणायचें. कानशिलावर दोन-चार केस पांढरे झाले होते. हा माझा जुना विद्यार्थी. त्याचें नांव येथें देत नाहीं. त्याला तें आवडणार नाहीं, आणि मला तो अधिकारहि नाहीं. त्याच्या गांवच्या शाळेंत मीं व्याख्यान दिलें तेव्हां तो दहावींत होता, पुढें बी. ए. ला माझ्याच वर्गांत आला. आतां वय बत्तीस. नसरापूर मागें पडलें, दोन्ही बाजूंस भाताचीं खाचरें पिवळीं होऊं लागलेलीं दिसलीं, आणि त्यानें मान किंचित् वळवून सांगितलें, "सर, तुमचं ते भाषण मला अजून पाठ आहे."

वक्त्याला यापरतें दुसरें सुख नाहीं. "कोणतं रे?" मीं विचारलें, जसें कांहीं मला ठाऊकच नव्हतें.

त्यानें खरोखरच म्हणून दाखविलें. माझींच वाक्यें, माझ्याच लकबीनें, मी जेथें थांबतों तेथें थांबून. १६५९ सालीं अफझलखान चालून आला तेव्हां कारीचे कान्होजी जेधे आपल्या पांच मुलांसह महाराजांकडे आले आणि त्यांच्यासमोर वतनावर पाणी सोडलें, ही जेधे करिन्यांतली हकीकत त्या भाषणाचा प्राण होती. तिच्यावर मी कळस चढवीत असें तो असा: ज्यांच्या वाडवडिलांनीं वतनावर पाणी सोडलें, त्यांच्या मुलांनीं हा मुलूख सोडूं नये! या वाक्याला टाळ्या ठरलेल्या असत. 'सोडणें' या क्रियापदाची तेथें जी कोटी साधली आहे तिचा तर मला अभिमान वाटे.

"ते शेवटचं वाक्य ऐकलं आणि मीं ठरवलं, सर," तो म्हणाला. "मुलूख सोडायचा नाहीं. नोकरी करायची ती सरकारी, आणि तीहि आपल्याच तालुक्यांत. म्हणून तर तलाठ्याचा नाद धरला."

तो नाद आठ वर्षें चालला. सदाशिव पेठेंत एका खोलींत पांच जण, दिवसभर अभ्यासिका, रात्रीं डबा. त्या पायीं बापाची बैलजोडी गेली, मग रस्त्याकडेचा जमिनीचा तुकडा गेला. २०२३ मध्यें तलाठ्यांच्या ४,६४४ जागांसाठीं दहा लाखांहून अधिक अर्ज आले. एका जागेमागें दोनशेंच्यावर उमेदवार! खानाच्या फौजेशीं गांठ पडली तेव्हां मावळ्यांचें प्रमाण याहून पुष्कळ बरें होतें, असा एक कडवट विनोद माझ्या मनांत येऊन गेला. तो मीं बोलून दाखविला नाहीं. माझा विद्यार्थी दोन गुणांनीं राहिला. त्याच्या धाकट्या भावानें २०२४ मध्यें पोलीसभरतीला अर्ज केला. तेथें जागा सतरा हजारांवर आणि अर्ज सतरा लाखांवर. बरोबरीचे दोघे-तिघे बारावीनंतरच शिरवळच्या कारखान्यांत गेले होते. त्यांचीं घरें झालीं, लग्नें झालीं. याचें झालें नाहीं. 'मुलगा काय करतो?' या प्रश्नाला 'अभ्यास करतो' हें उत्तर पंचविशीपर्यंत चालतें. तिशी उलटली कीं मुलीचा बाप चहासुद्धां न घेतां उठतो. आतां तो जलाशयाच्या कांठीं शनिवार-रविवारीं पाहुण्यांसाठीं तंबू ठोकतो, शेकोटी पेटवितो, जेवणाचीं ताटें मांडतो. पुण्याहून आलेल्या त्या पाहुण्यांपैकीं कित्येकांच्या सदऱ्यावर महाराजांचें चित्र असतें.

"चांगलीं माणसं असतात," तो म्हणाला. "टिप देतात."

हें सर्व तो तक्रारीच्या सुरांत सांगत नव्हता, हीच माझी अडचण होती. तो रागावला असता तर मीं त्याची समजूत घातली असती. समजूत घालण्याचा मला सराव आहे. मार्गासनीहून साखरकडे वळल्यावर राजगड एकदम पुढें आला. त्यानें वेग कमी केला. पूर्वीं मी नेहमीं तेथें गाडी थांबवायला सांगत असें, हें त्याच्या ध्यानांत होतें. आणि मग सहज विचारावें तसें त्यानें विचारलें, "दादा कॅनडांतच आहेत ना, सर?"

"हो," मीं म्हटलें.

माझा मुलगा कॅनडांत गेला त्याला सहा वर्षें झालीं. त्याच्या शिक्षणासाठीं कर्ज काढतांना, त्याला विमानतळावर पोंचवितांना, वतन आणि मुलूख यांतला एक शब्दहि माझ्या तोंडून निघाला नव्हता. ते शब्द मीं दुसऱ्यांच्या मुलांसाठीं राखून ठेवले होते. विद्यार्थ्यानें मला टोंचण्यासाठीं विचारलें नव्हतें, आपुलकीनें चौकशी केली होती. पण तेथून गांव येईपर्यंत मी कांहीं बोललों नाहीं.

कान्होजींची गोष्ट खोटी नाहीं. मात्र ती मीं अर्धीच सांगत आलों होतों, असें त्या मागच्या बैठकीवर धक्के खातांना माझ्या लक्षांत आलें. त्याच वेळीं उत्रवळीचे खंडोजी खोपडे खानास जाऊन मिळाले; म्हणजे मावळांतला प्रत्येक घरंदाज माणूस आपापला हिशेब करीत होता, आणि ज्यांनीं महाराजांची बाजू घेतली त्यांनींहि तो केलाच असला पाहिजे. वतनदारांचें सोडा. ज्याच्या घरीं नाचणीच्या दोन पायल्यांपलीकडे कांहीं नव्हतें अशा कुणब्याच्या पोराला स्वराज्यानें काय दिलें? चाकरी दिली, आणि रोख वेतन दिलें. जमिनी तोडून देण्याऐवजीं पगार रोख देण्याचा महाराजांचा शिरस्ता सभासदानें नमूद केला आहे. ५ सप्टेंबर १६७६ चें, प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांस महाराजांनीं धाडलेलें पत्र प्रसिद्धच आहे. गांवोगांव फिर; कसण्याची ताकद आहे पण बैल नाहीं अशा कुणब्याला बैलांसाठीं रोख पैसे दे, पोटाला दाणे दे, आणि पुढें त्याला झेपेल तसें नुसतें मुद्दल हळूहळू वसूल कर, असा त्याचा आशय आहे. हें पत्र मीं विद्यार्थिदशेंत वाचलें होतें. व्याख्यानांत तें कधीं घेतलें नाहीं. बैल आणि बियाणें यांवर टाळी पडत नाहीं.

न्यायमूर्ति रानड्यांचेंहि मीं तेंच केलें. मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावरील त्यांचा १९०० सालचा इंग्रजी ग्रंथ माझ्या टेबलावर कायमचा. पण तेच रानडे दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाच्या कायद्याखालीं विशेष न्यायाधीश होते व सावकारीचे खटले तपाशीत होते, या गोष्टीचा उल्लेख मीं कोणत्याहि मांडवांत केल्याचें मला स्मरत नाहीं. अभिमान आणि अन्न हीं त्यांच्या मनांत एकत्र नांदत होतीं. आमच्या पिढीनें त्यांची वांटणी करून टाकली, आणि या डोंगरांतल्या मुलांच्या वांट्याला अभिमान तेवढा आला.

आणि वतनावर पाणी सोडण्याचें म्हणाल, तर या खोऱ्यांत तें पुढें अक्षरशः घडलें. वेळवंडीवर इंग्रजी अमदानींत भाटघरला धरण झालें, त्याला लॉइड या गव्हर्नराचें नांव दिलें. तें पाणी नीरेच्या कालव्यांनीं बारामती, इंदापूर, फलटणकडे जातें. पानशेत आणि वरसगांव हीं धरणें पुण्याची तहान भागवितात. मी स्वतः तीस वर्षें त्याच पाण्यानें स्नान करीत आलों आहें, तेव्हां धरणें नकोत असें म्हणण्याचें तोंड मला नाहीं. पण त्यांचीं नांवें पाहा. भाटघरचा तो यसाजी कंक जलाशय, पानशेतचा तानाजीसागर, वरसगांवचा वीर बाजी पासलकर जलाशय. बाजी पासलकर मोसे खोऱ्यांतले. मोसे नदी अडविली आणि त्यांच्या खोऱ्यांतल्या जमिनी ज्या पाण्याखालीं गेल्या त्या पाण्याला त्यांचेंच नांव दिलें! कान्होजींनीं आपल्या हातानें पाणी सोडलें होतें. या गांवकऱ्यांच्या हातांत झारी कोणीं दिली नव्हती. आजहि पाऊस येथें तीन-चार महिने कोसळतो, आणि उन्हाळ्यांत डोंगरावरच्या वाड्या टँकरची वाट पाहतात. पाणी ज्या उतारानें जातें त्याच उतारानें पोरेंहि जातात, आणि जीं मागें राहतात त्यांना मी भाषणें देतों.

मांडव झकास सजविला होता. लेझीम झाली, शाल-श्रीफळ झालें, आणि मी बोलावयास उभा राहिलों. कान्होजींची गोष्ट मीं घेतली नाहीं. रामाजी अनंतांचें पत्र सांगितलें, बैल सांगितले, दाणे सांगितले. आणि शेवटीं म्हणालों कीं, ज्या मुलाला पोटासाठीं गांव सोडून जावें लागेल त्यानें खुशाल जावें, त्यामुळें कोणाशीं बेइमानी होत नाहीं. एक टाळी वाजली नाहीं. पुढच्या रांगेंतल्या एका म्हाताऱ्यानें शेजाऱ्याला "काय म्हणत्यात गुरुजी?" असें विचारलेलें मला स्पष्ट ऐकूं आलें. आभार मानणाऱ्या गृहस्थांनीं, सरांची प्रकृति आज ठीक नसतांनाहि ते आले, याबद्दल माझे विशेष आभार मानले. त्याआधीं माझ्या मागून पंचविशींतला एक वक्ता बोलला होता. त्यानें हात उचलून बालेकिल्ल्याकडे दाखविला आणि मांडव दणाणून गेला. माझ्याहि अंगावर कांटा आला, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. तीस वर्षांची संवय अशी एका दुपारीं जात नाहीं. आणि ती सगळीच जावी असेंहि मला वाटत नाहीं. राजगड मला अजून तितकाच आवडतो. त्याच्याकडे बोट दाखविण्याचें धैर्य मात्र आतां होत नाहीं.

परततांना फाट्यावर अंधार पडला होता. बसची वाट पाहत आम्ही दोघे चहाच्या टपरीपाशीं उभे राहिलों. त्यानें खिशांतून घडी घातलेला एक कागद काढला. महाराष्ट्र शासनानें २०२४ मध्यें जर्मनींतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्याशीं कुशल मनुष्यबळ पुरविण्याचा करार केला, त्याविषयींची वर्तमानपत्रांतली हकीकत त्यानें कापून ठेवली होती; कागद घड्यांवर फाटत आला होता.

"जर्मन किती महिन्यांत येतं, सर?"

मीं म्हटलें, इंग्रजी येत असेल तर थोडी सोपी जाते, पण वर्ष तरी धर.

"वडील म्हणतात, राहिलेली जमीन कोण बघणार."

"आणि तुला काय वाटतं?"

"मला?" तो हंसला. "मला भाषण पाठ आहे ना, सर."

बस आली. दादाला विचारून कळवितों, असें मीं चढतां चढतां सांगितलें. खिडकींतून पाहिलें तर तो अजून तेथेंच गाडीला टेकून उभा होता. शनिवार होता, पुण्याहून येणाऱ्या पाहुण्यांना त्याला पुढें रस्ता दाखवायचा होता.