मागच्या रांगेंतला उजेड

पन्नाशी उलटलेल्या प्राध्यापकानें पुन्हां विद्यार्थी होऊं नये, असा कांहीं नियम नाहीं. पण तो तसा झाला, तर घरच्या मंडळींच्या करमणुकीची सोय होते खरी. लग्नांतल्या छायाचित्रणासाठीं प्रकाशयोजना शिकविणाऱ्या दोन दिवसांच्या कार्यशाळेंत मीं नांव घातलें, तेव्हां आमच्या सौभाग्यवतींनीं एवढेंच विचारलें, "आतां लग्नाच्या ऑर्डरी घेणार कीं काय?" पुतणीचें लग्न मार्गशीर्षांत ठरलें होतें, हें मीं सांगितलेलें कारण. खरें कारण माझ्या कपाटांतल्या एका जुन्या आल्बममध्यें होतें.

१९९६ सालचें माझ्या लग्नांतलें तें छायाचित्र. सप्तपदी चालली आहे. पुढें आम्ही दोघें, फ्लॅशच्या झोतांत पिठासारखीं पांढरीं पडलेलीं. आणि बरीच मागें, मंडपाच्या खांबाशीं, आई उभी आहे. म्हणजे ती तेथें उभी होती, असें मला आठवतें. चित्रांत त्या जागीं काळोख आहे आणि त्या काळोखांत नथीचे दोन मोती तेवढे चमकताहेत. पुढें दीड वर्षांत आई गेली. त्या दिवशींचें तिचें दुसरें चित्र नाहीं. इतकीं वर्षें मी मनांतल्या मनांत त्या छायाचित्रकाराला बोल लावीत आलों होतों.

कार्यशाळा पुण्यांतच होती. पंधरा-वीस विद्यार्थी, सारे विशी-बाविशीचे. मी लाजून अगदीं शेवटच्या खुर्चीवर बसलों. शिकविणारा तरुण आंत आला आणि मला पाहून जागच्या जागीं थबकला. पंधरा वर्षांपूर्वीं तो माझ्या वर्गांत होता. चेहरा ओळखीचा वाटला. नांव मात्र कांहीं केल्या आठवेना. "सर, पुढें या ना. मागून नीट दिसत नाहीं," तो म्हणाला, आणि किंचित् हंसून त्यानें जोड दिली, "मला अनुभव आहे."

त्यानें खिडक्या लावून घेतल्या आणि टेबलांच्या रांगेवर तीन नारळ मांडले : फ्लॅशपासून चार, आठ आणि बारा फुटांवर. समोरून झोत टाकून काढलेल्या चित्रांत पहिला नारळ लख्ख, दुसरा मावळतीला लागलेला आणि तिसरा जवळजवळ नाहींसाच. अंतर दुप्पट झालें कीं प्रकाश चौथा हिस्सा उरतो, तिप्पट झालें कीं नववा. केप्लरनें हा नियम १६०४ सालीं मांडला आणि शाळेंत तो पाठ करून मीं गुणहि मिळविले होते. परंतु त्याच नियमानें माझी आई झांकून टाकली, हें मला त्या क्षणीं प्रथम उमगलें.

मग त्यानें फ्लॅशचें तोंड वर, पांढऱ्या छताकडे वळविलें. उजेड छतावर आपटून पसरला आणि तिन्ही नारळांच्या वांट्याला साधारण सारखाच आला. यांत प्रकाशाचा बराचसा जोर वाटेंतच खर्ची पडतो; त्याची भरपाई कॅमेऱ्याचें छिद्र अधिक उघडून करावी लागते. छत रंगीत असेल, तर तो रंग चेहऱ्यांवर उतरतो. शटर थोडें सावकाश ठेवलें, कीं समईचा पिवळा उजेडहि चित्रांत येतो. थोडक्यांत, झोत जितका नेमका, तितकी त्याच्या मागची माणसें अंधारांत.

संध्याकाळीं मीं तें जुनें चित्र आणि त्याची निगेटिव्ह त्याला दाखविली. त्यानें ती दिव्यासमोर धरून पुष्कळ वेळ पाहिली. आईच्या जागीं ती नुसतीच पारदर्शक होती. "जिथें उजेड पोहोंचलाच नाहीं, तिथलें मागाहून कांहीं काढतां येत नाहीं, सर," तो हळूच म्हणाला. मला वाईट वाटलें. पण त्या छायाचित्रकारावरचा राग मात्र गेला. ज्यांच्यासाठीं त्याला बोलावलें होतें, त्यांच्यावर त्या बिचाऱ्यानें उजेड टाकला होता.

पुतणीच्या लग्नांत मंडपाचें छत गर्द गुलाबी कापडाचें निघालें. माझी सारी विद्या तेथेंच संपायची. पण मीं थोरल्या काकांचें पांढरें उपरणें मागून घेतलें, तें दोन भाच्यांना ताणून धरायला लावलें आणि फ्लॅश त्याच्यावर वळविला. वधूवरांचीं चित्रें काढायला धंदेवाईक मंडळी होतींच. मी मागच्या रांगेचीं काढलीं. चार दिवसांनीं वहिनींनीं तीं पाहिलीं. एका चित्रांत, मुलीच्या बरीच मागें, त्या पदरानें डोळे टिपीत उभ्या होत्या. "हें काय भावजी, माझें कशाला काढलेंत?" त्या म्हणाल्या, आणि जातांना तेवढेंच एक मागून घेऊन गेल्या.

परवां वर्गांत व्याख्यान देतांना माझ्या ध्यानांत आलें, कीं मी नेहमींप्रमाणें पहिल्या दोन बाकांशींच बोलतों आहें. मी थांबलों आणि शेवटच्या बाकावरच्या मुलाला नांव विचारलें. त्यानें दचकून सांगितलें. मीं तें वहींत लिहून ठेवलें आहे.